भावोजींचं विमान आणि मिशीची पैज

माझे धाकटे दीर टेलर आहेत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मी भावोजी म्हणते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते अर्ध्या चड्डीत होते आणि ओठावर काही नव्हतं. पुढे मिसरूड फुटलं, ते त्यांनी वाढवलं, आणि मग जी मिशी झाली ती त्यांच्या आधी दुकानात शिरायची. दोन्ही टोकं वर वळलेली, मेण लावून चकचकीत. माप घेताना टेपचं टोक दातात धरायचे, तेव्हा मिशी गिऱ्हाइकाच्या कानाला गुदगुल्या करायची. धाकटी म्हणजे माझी जाऊ, तिने तर नवऱ्याचा वरचा ओठ कधी पाहिलाच नव्हता. "असेल बाई काहीतरी तिथे," असं म्हणायची.

दुकानासमोर सलून आहे. सलूनवाला आणि भावोजी एकाच बाकावर बसून शाळेत मार खाल्लेले. ही मिशी कातरून, विंचरून, टोकं वळवून देण्याचं काम पहिल्यापासून त्याचंच. दुसऱ्या कोणाला त्याने तिला हात लावू दिला नाही. खुद्द सलूनवाल्याचं मात्र असं, की दुसऱ्यांचे केस कापता कापता स्वतःचे कधी गेले ते त्याला कळलं नाही. तेव्हापासून तो केसांचा टोप घालतो. काळाभोर, भांग पाडलेला, वाऱ्यातसुद्धा न हलणारा. सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कोणी नाही. केस कापणाऱ्याला टक्कल, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

तर झालं काय, पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई माळा आवरत होत्या. त्यांच्या नवऱ्याने हौसेने आणलेला एक मोठा खोका तसाच बंद पडून होता. बाईंनी तो भावोजींना आणून दिला. "मास्तर, तुमच्या हातात कला आहे. तुम्हीच जोडा, नाहीतर मी भंगारात देते."

खोक्यात विमान होतं. म्हणजे व्हायचं होतं. बाल्सा म्हणून एक लाकूड असतं, त्याच्या पातळ फळ्या होत्या. इतकं हलकं लाकूड की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. फळ्यांवर रेषा छापलेल्या, त्यांवरून तुकडे कापायचे, एकमेकांत अडकवायचे आणि डिंकाने चिकटवायचे. शिवाय एक मोटर, पुढचा पंखा, बॅटरी, आणि खाली उभं राहून ते चालवायचा रिमोट. माहितीचा कागद परक्या भाषेत होता, पण चित्रं होती. भावोजींनी तो कापायच्या टेबलावर पसरला, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "हात्तिच्या! हा तर कोटाचा पॅटर्न आहे. हे धड, या बाह्या."

सलूनवाला तेव्हा चहाला आला होता. मीही तिथेच होते, काजं करून देत होते.

"अरे, तू शिवलेली पँट कमरेवर थांबत नाही," सलूनवाला म्हणाला, "आणि तुझं विमान आकाशात थांबणार?"

भावोजींच्या मिशीची टोकं थरथरली. "उडवून दाखवलं तर?"

"तर तू म्हणशील ते."

"डोक्यावरचं काढशील?"

सलूनवाला आधी लाल झाला, मग पांढरा झाला, मग त्याने कप खाली ठेवला.

"काढीन. भर मैदानात काढीन. पण नाही उडालं तर तुझी मिशी. माझ्या खुर्चीत, माझ्या वस्तऱ्याने, मुळापासून."

मग दोघांनी वकिलांसारखं सगळं ठरवून घेतलं. विमानाने मैदानावर एक पुरती चक्कर मारायची आणि मैदानातच जमिनीवर उतरायचं. निकाल वहिनींनी द्यायचा, कारण वहिनी खोटं बोलत नाहीत. मला कोणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून भावोजींची झोप उडाली, विमान राहिलं बाजूला. गिऱ्हाइकांशी बोलतानासुद्धा एक हात मिशीवर, जणू आताच कोणी येऊन ती घेऊन जाईल. पण कामाला बसले की तब्येतीत. शेपटीच्या हलत्या पट्टीला बिजागरी लावायची होती, त्यांनी ती दोऱ्यानेच शिवली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे टाके घालून, अशी मऊ वळायची की बघत राहावं. पंखांवर प्लास्टिकची पातळ झिल्ली इस्त्रीने चिकटवायची असते. तिथे तर काय, त्यांचा जन्मच इस्त्रीत गेलेला. एक सुरकुती सापडेल तर शपथ. पंखाखाली त्यांनी एक छोटासा कापडी खिसाही चिकटवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"असावा," ते म्हणाले.

विमान तयार झालं तेव्हा दिसायला देखणं होतं, पण जरा बाळसेदार. खोक्यावरच्या चित्रातलं विमान चिमणीसारखं, आणि आमचं कोंबडीसारखं. भावोजी म्हणाले, चित्रात सगळं बारीकच दिसतं.

पैजेच्या आधी एकदा गुपचूप बघू म्हणून आम्ही सकाळी मैदानावर नेलं. गुपचूप म्हणजे भावोजी, धाकटी, मी आणि ज्याने तारा डागून बॅटरी जोडून दिली तो रेडिओवाला. सलूनवाला झाडामागे होताच. मोटर सुरू झाली, पंखा गरगरला, विमान धावत सुटलं. धावलं, धावलं, आणि धावतच राहिलं. मैदानाच्या भिंतीला नाक लावून थांबलं, पण चाकं काही जमीन सोडेनात.

झाडामागून आवाज आला, "मास्तर, तिकीट इथेच काढायचं, की पुढच्या स्टॉपला?"

रेडिओवाल्याने विमान उचललं, हातात तोललं आणि म्हणाला, "मास्तर, लाकूड फार वाटतंय हो यात. खोक्यात एवढंच होतं ना?"

घरी येऊन धाकटीने ते टेबलावर ठेवलं, भिंगाची काच घेतली आणि पंखाच्या टोकाच्या उघड्या फळीला नाक लावून बसली. तिथे छापील रेष दिसत होती. रेषेच्या बाहेर बोटभर लाकूड.

"अहो, हे काय? रेषेवर नाही कापलंत?"

"रेषेवर कोण कापतं?" भावोजी चिडले. "रेषेवर शिवायचं असतं. बाहेर माया ठेवतात. प्रत्येक तुकड्याला ठेवलीय, बोटभर. पुढेमागे सैल करावं लागलं तर?"

धाकटीने कपाळावर हात मारला. "विमान काय पुढच्या वर्षी जाड होणार आहे?"

मला हसू आवरेना. पण बिचाऱ्यांचं काय चुकलं? आयुष्यभर ज्याने कापडाला कात्री लावताना माणसाच्या पोटाचा विचार केला, त्याचा हात रेषेवर पडेलच कसा? पुढे जोडताना पंखाच्या फासळ्या खाचेत बसेनात तेव्हा त्यांनी खाचा रुंद केल्या होत्या, आणि जिथे धड फुगलं तिथे चक्क ब्लाउजला घेतात तशा चिमट्या घेऊन लाकूड आत दुमडून चिकटवलं होतं.

मग सगळं उसवायला घेतलं. डिंक उसवत नाही, पण भावोजींनी वाफेची इस्त्री प्रत्येक सांध्याजवळ धरली आणि वाफेने डिंक मऊ करून एकेक तुकडा सोडवला. लाकूड वाकडं होऊ नये म्हणून तुकडे कापडाच्या ताग्यांखाली दाबून वाळवले. रुंद केलेल्या खाचांत पाचरी बसवल्या. मग ब्लेडने रेषेवर, अगदी रेषेवर कापलं. कापताना असे डोळे मिटायचे की जणू स्वतःच्या मिशीवरच ब्लेड चाललंय. दुकानात चिंध्यांच्या जागी लाकडाच्या चिंध्या साचल्या.

धाकटी चहा घेऊन आली ती माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊबाई, मी बोलले नसते तर बरं झालं असतं का हो?"

"का गं?"

"ओठ बघायला मिळाला असता."

दुसऱ्यांदा जोडलेलं विमान बोटांवर तोलून बघितलं तर शेपटाकडे झुके. नाकात वजन हवं, रेडिओवाला म्हणाला. भावोजींनी पितळी बटणांचा डबा काढला आणि एकेक बटण नाकात घालत गेले, कोटाच्या पुढच्या बाजूला लावतात तशी. विमान सरळ झालं. खिसा मात्र राहू दिला.

पैजेच्या रविवारी मैदानावर अख्खी गल्ली. सलूनवाला पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता आणि खांद्यावर नवीन टॉवेल टाकून, म्हणजे मिशी काढायची तयारी पूर्ण. भावोजींनी मिशीला दुप्पट मेण लावलं होतं. शेवटचं म्हणून असेल.

विमान धावलं. चाकं उचलली. आणि मंडळी, ते उडालं हो! आधी गुडघ्याएवढं, मग माणसाएवढं, मग झाडांच्या वर. भावोजी रिमोट छातीशी धरून ताठ उभे.

आता एक गोम असते. विमान दूर जातं तोवर डावं ते डावं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं उजवीकडे जातं. रेडिओवाल्याने हे त्यांना समजावलं होतं, पण ऐन वेळी ते सगळं विसरले. विमान तोंडावर यायला लागलं तसे ते घाबरले आणि विमानाकडे सरळ पाठ करून उभे राहिले. ट्रायलला ते गिऱ्हाइकाला म्हणतात ना, "पाठ करा, वळा", तसे स्वतःच वळले. मग मान मागे वळवून, खांद्यावरून वर बघत, डावं ते डावं ठेवत, उलटे उलटे चालायला लागले. वर विमान सुरेख गोल घेतंय आणि खाली भावोजी माणसांवर, सायकलींवर, एका कुत्र्यावर आपटत मागे मागे चाललेत. लोक बाजूला होत होते, कुत्रं सोबत चालायला लागलं.

"सांभाळा, सांभाळा!" धाकटी ओरडत होती. विमानाला की नवऱ्याला, कळायला मार्ग नव्हता.

चक्कर पूर्ण झाली. सगळ्यांच्या डोक्यावरून विमान सर्रकन गेलं, आणि मी पाहिलं तर सलूनवाला उड्या मारतोय. "उडालं रे! माझ्या मास्तरचं विमान उडालं!" ओरडता ओरडता आनंदाच्या भरात त्याने डोक्यावरचा टोप ओढून काढला आणि टोपीसारखा हवेत गरागरा फिरवला. त्याला स्वतःला पत्ताच नाही. डोकं उन्हात नव्या पातेल्यासारखं चमकत होतं. लोक विमान बघावं की डोकं, अशा अडचणीत पडले.

आता फक्त उतरायचं राहिलं. भावोजी उलटे चालत मैदानाच्या कडेला पोचले होते. तिथे लाँड्रीवाल्याच्या चादरी वाळत घातलेल्या. भावोजी पाठमोरेच एका ओल्या चादरीत शिरले, त्यांना काही दिसेना, रिमोटवरचा अंगठा सुटला. विमान खाली आलं, अगदी अलगद आलं, आणि पलीकडच्या दोरीवरच्या चादरीत जाऊन बसलं. पंखा चादरीला गुंडाळून घेऊन थांबला. विमान तिथेच झोक्यातल्या बाळासारखं लोंबकळत राहिलं. जमिनीपासून हातभर वर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

भावोजी चादरीतून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. अर्ध्या चड्डीतला मुलगा फुटलेली काच लपवून बघायचा, तसं.

"वहिनी?" ते म्हणाले.

मी चादरीखाली वाकून पाहिलं. जमीन आणि चाकं यांच्यामधून एक कोंबडी आरामात गेली असती. "उडालं. चक्कर झाली," मी म्हटलं. "उतरलं नाही, भावोजी. अडकलं."

सलूनवाल्याने विजयाने केसांवरून हात फिरवला आणि केस हातातच आहेत हे त्याला तेव्हा कळलं. त्याने टोपाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. कोणी हसलं नाही. मग तो स्वतःच हसायला लागला, इतका की जमिनीवर बसला. "माझं गेलं ते गेलं," तो म्हणाला. "मिशी राहू दे रे, मास्तर. जाऊ दे, चादर म्हणजेसुद्धा जमीनच."

"नाही," भावोजी म्हणाले. "वहिनी अडकलं म्हणाल्या. शब्द तो शब्द."

मिरवणूक सलूनमध्ये गेली. भावोजी खुर्चीत बसले, सलूनवाल्याने साबण इतका फेसला की फेस कानात गेला, वस्तरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ज्या मिशीचं एकेक टोक इतकी वर्षं निगुतीने वळवलं, ती काढायची म्हणजे त्याला हुंदकाच फुटला. शेवटी भावोजींनीच त्याची समजूत काढली. "मार रे. रडतोस काय, मिशी माझी आहे." एकदाची ती गेली.

धाकटी दारातून पुढे आली. खुर्चीभोवती एक फेरी मारून तिने नवऱ्याला नीट बघून घेतलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "अय्या! तुम्ही तर बरे आहात की!"

भावोजी कानापर्यंत लाल झाले. आता लालीही दिसत होती, लपायला जागाच नव्हती.

मला वाटलं, लगेच पुन्हा वाढवतील. पण दुसऱ्या दिवशी एक बाई दुकानात आल्या, त्यांचे पडदे कधीचे शिवून व्हायचे होते. खुर्चीतल्या बिनमिशीच्या माणसाकडे बघून त्या म्हणाल्या, "मास्तर कुठे गेले?"

भावोजींनी तोंड उघडलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बाहेरगावी. पुढच्या आठवड्यात या."

तेव्हापासून ते रोज सकाळी समोर जाऊन गुळगुळीत दाढी करून येतात. परवा मी कधीचा शिवायला दिलेल्या माझ्या गरम कोटाचं विचारायला गेले, थंडी सुरू झाली म्हणून. मी, त्यांची सख्खी वहिनी, समोर उभी. भावोजींनी मान वर केली, डोळ्याला डोळा भिडवला आणि अगदी गंभीरपणे मला सांगितलं, "मास्तर नाहीयेत, आजी."