चहाआधी जुना, चहानंतर नवा

लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या कचेरीत त्यांना मागून सगळे शंकासुर म्हणत, समोरून सर. त्यांच्या संगणकावर दोन कंपायलर होते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा तो कंपायलर. जुन्या लिफ्टना जुनाच लागे. नव्यातून काढलेला प्रोग्रॅम घातला की लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबे आणि आतली माणसं एकमेकांचे चेहरे बघत उभी राहत.

सर सकाळी आल्याआल्या कमांड देऊन जुना कंपायलर लावत आणि लागला ना, हे दोनदा तपासत. चहा घेऊन परत यावं, तर नवा. रोजच.

त्याच संगणकावर दुपारी एक नवी मुलगी काम करी. सरांचा चहा लांबला की ती खुर्चीच्या आसपास दिसे. एवढा पुरावा सरांना पुरला.

"तू हात लावतेस का गं याला?"

"तुमच्या वेळेत? नाही सर."

"मग काय भूत बदलतं?"

"भुताला एवढं कळत असेल तर कामावर घ्या ना त्याला. माणसं कमीच आहेत."

हे उत्तर सरांना फारच तयारीचं वाटलं. त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, शुक्रवारी मुलीला निरोप देऊ.

घरी बायकोने ऐकून घेतलं. "अहो, कुलूप दोनदा ओढून बघता ते ठीक आहे. माणसं कशाला ओढून बघता?"

गुरुवारी दाढ दुखते म्हणून मुलगी आलीच नाही. सर चहा घेऊन आले. नवा. म्हणजे ही घरी बसून बदलते तर! त्यांनी नेटवर्कची वायर उपटली आणि पुन्हा चहाला गेले. इच्छा नव्हती, पण प्रयोग म्हणजे प्रयोग. नवा.

आता संशय घ्यायला खोलीत एकच माणूस उरला. सरांनी सगळं पहिल्यापासून केलं, स्वतःच्या हातांवर नजर ठेवून. उठताना, कुणी डोकावू नये म्हणून, ते सगळ्या विंडो बंद करत. कमांड मात्र त्या विंडोपुरतीच असे. विंडो गेली की कमांडही गेली, आणि परत येऊन दुसरी उघडली की संगणक आपला नवा कंपायलर घेऊन हजर.

सर साहेबांकडे गेले.

"मग चूक कुणाची?"

"सावधपणाची."

साहेब या नावाचं कोण कामाला आहे ते आठवू लागले. शेवटी सरांना "माझी" म्हणावंच लागलं.

शुक्रवारी मुलगी आली, गाल सुजलेला. सरांनी सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, मला घालवायला तुम्हीच बदलता."

"बदलत मीच होतो."

"आणि मला घालवायचंही होतं?"

"तू राहतेस. साहेबांना सांगून आलोय."

"मी ते नव्हतं विचारलं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि सरांनी उघड्या ठेवलेल्या विंडोत कोणता कंपायलर आहे, ते तिने स्वतः तपासलं. दोनदा.