शांतम्माचा डावा हात

लातूरच्या आडत बाजारात अजूनही छातीठोक सांगतात, की शांतम्मानं डोक्यात घुसलेला लोखंडी आकडा स्वतःच्या हातानं उपसला आणि त्यानंच मलप्पा हमालाचा कोथळा काढला. सांगणारा कोथळा कसा लोंबत होता तेही हातानं करून दाखवतो. साफ खोटं. मलप्पाचं पोट जाग्यावर आहे आणि जेलची भाकरी पचवतंय. गेले ते त्याचे पुढचे दोन दात. आणि आकडा तिनं उपसला नाही, म्हणून तर ती जिवंत आहे.

शांतम्मा उदगीरकडची, पन्नाशी ओलांडलेली, आडतीवर धान्य चाळणारी. डावखुरी. गळ्यात चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग. सकाळी ते डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची आणि दुपारपर्यंत त्याच हातानं एखाद्या हमालाचं थोबाड लाल करायची.

त्या दिवशी मलप्पानं तिनं नुकत्याच चाळलेल्या तुरीवर गुटख्याची पिचकारी मारली. तिनं अशी ठेवून दिली, की उरलेला गुटखाही बाहेर आला. हमाल खिदळले. तेवढं हसू मलप्पाला पुरलं. पोती ओढायचा लाकडी मुठीचा आकडा हातात होताच. तो त्यानं तिच्या डोक्यात उजवीकडं, वरच्या अंगाला हाणला. पोत्यात घुसताना होतो तसाच आवाज झाला, फक्त जरा ओला.

शांतम्मा पडली नाही. दुसरी ठेवून द्यायला डावा हात उचलायला गेली, तर तो उचललाच जाईना. मग उजव्या हातानं लोखंडी घमेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. मलप्पा रक्त थुंकत पुन्हा तिच्याकडं झेपावला, पण आता मारायला नव्हे. आकडा घुसला की मनगट वळवून उपसायचा, ही हमालाच्या हाताची सवय. तिनं आकड्याची मूठ उजव्या हातात गच्च धरली.

"हात लावून बघ," ती म्हणाली, "तुझी मुंडीच उपसते."

दवाखान्याकडं निघालेल्या छोट्या टेम्पोत ती मूठ धरून ताठ बसली. गतिरोधक आला, की रस्त्याच्या ठेकेदारापासून मलप्पाच्या आज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

दवाखान्यातल्या मेंदूच्या सर्जन डॉ. सुकन्या बिराजदार पुण्याला शिकलेल्या, त्यामुळं बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्यांनी फोटो बघून सांगितलं, की आकड्याचं टोक डोक्याच्या मधोमध जाणाऱ्या मोठ्या शिरेला टेकलंय. ओढला तर शीर फाटेल आणि रक्त आवरणार नाही. म्हणून आकड्याला धक्का न लावता भोवतीचं हाडच कापून काढायचं, आणि मग तो ज्या वळणानं आत गेला त्याच वळणानं बाहेर आणायचा.

शांतम्मानं एकच विचारलं, हात येईल का. डॉक्टर म्हणाल्या, ते आज सांगता येणार नाही.

मग करडगीवरून जुंपली. ऑपरेशनला अंगावर चांदी चालत नाही, आणि शांतम्मा आपलं लिंग दुसऱ्याच्या हाती देईना. दोरा सोडायला आलेल्या वॉर्डबॉयच्या मनगटाला ती कडकडून चावली. शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. करडगी बाजूला ठेवली आणि लिंग तिच्याच निर्जीव डाव्या तळहातात देऊन वर पट्टी गुंडाळली.

आकडा सुखरूप निघाला. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. उजवा हात आधी गळ्याकडं गेला. गळा रिकामा. पट्टीचं काही आठवेना. तिनं सलाईनची नळी उपसली, नर्सला लाथ घातली, औषधांचा ट्रे भिरकावला. "माझं लिंग कुनी नेलं? बोला, न्हाईतर एकेकाच्या नरड्यात ह्यो सलाईनचा खांब कोंबते."

डॉक्टर धावत आल्या आणि तिच्या डोळ्यांसमोर डाव्या हाताची पट्टी सोडली. तळहातावर लिंग होतं.

"हितं हाय?"

"हो मावशी. कालपासून तुमच्याच हातात आहे."

"मग मला कळंना कसं?"

शांतम्मानं उजव्या हातानं डाव्याची बोटं एकेक करून मिटवली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढं कुणीतरी सुचवलं, की उजव्या तळहातावर पूजा करावी. त्याला पितळी तांब्या बसला. हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू मिळाला, तर तिनं त्याचं नाव मलप्पा ठेवलं आणि रोज त्याचा गळा आवळायला बसली. आधी बोटं नुसती थरथरली. दिवाळीनंतर चेंडूवर नखं उमटायला लागली.

मीही त्याच बाजारातला, आणि तिच्या आवाजाची नक्कल करण्यात तिथं माझा हात धरणारं कुणी नाही. एकदा तिच्याच दारात करताना सापडलो, तिथंच पैज लागली. महाशिवरात्रीला डाव्या तळहातावर, दुसऱ्या हाताचा टेकू न देता, तिची पूजा झाली तर मी गाल पुढं करायचा. नाही झाली, तर सिद्धेश्वराच्या जत्रेत माइकवर तिची नक्कल करायची मला मोकळीक.

महाशिवरात्रीला सकाळीच जाऊन समोर मांडी घालून बसलो. तळहात कापत होता. एकदा लिंग कललं, तिचा उजवा हात गुडघ्यावरून हलला नाही, आणि लिंग पुन्हा सरळ झालं. पूजा झाली. तिनं सावकाश ते करडगीत ठेवलं, करडगी गळ्यात घातली.

"हां. आता गाल."

डाव्या हातात लिंग धरण्याइतकंच बळ आलं असणार, मारायला उजवाच वापरेल, असा हिशेब करून मी डावा गाल पुढं केला.

"त्यो न्हाई," शांतम्मा म्हणाली. "दुसरा."