माळ्यांचं मैदान

नव्वदच्या दशकात मी अमिरातीतल्या आतल्या भागात, एका लहान गावाच्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, इंजिनियर होतो. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. टेबलावरच्या पाटीवर नावापुढे बी.ई. मुद्दाम लिहून घेतलं होतं. लाज कसली?

बलदियाचे माळी सोलापूर-जालन्याकडचे. त्यांच्या बायका गावी, म्हणून इथल्या बोलीत ते सगळे ‘बॅचलर’, मग घरी चार पोरं का असेनात. उंटांच्या शर्यतीच्या ट्रॅकमागं सपाट माळ होता. तीन महिने दर शुक्रवारी त्यांनी तिथले गोटे वेचले, फूटपाथच्या कामातून उरलेल्या काँक्रीटची खेळपट्टी ओतली आणि क्रिकेट सुरू झालं. ओपनिंगला मी.

विनापरवाना खेळतात म्हणून कुणीतरी तक्रार केली. आमचे मुदीर, म्हणजे बलदियाचे मोठे साहेब, म्हणाले, "परवानगीचा अर्ज आण. नाहीतर खलास."

शहरातल्या मराठी मंडळाची तेव्हा निवडणूक होती. पुणे-मुंबईवाले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. मंडळाचे सेक्रेटरी पुण्याचे, ते खास गाडी काढून माझ्याकडे आले.

"अर्ज मंडळाच्या नावानं करा, वजन पडतं. आणि यंदा क्रीडाप्रमुख तुमच्यासारखा शिकलेला माणूस हवाय."

शिकलेला म्हटल्यावर मी विरघळलो.

अर्जात खेळाडूंच्या नावापुढे व्हिसावरचा हुद्दा लिहायचा होता. ओळीनं दहा वेळा ‘लेबर’ लिहायला हात धजेना. मी मंडळातल्या इंजिनियर, अकाउंटंटांची नावं लिहिली. म्हटलं, कागदापुरतं आहे, खेळणार तर आपलेच.

परवानगी आली. सेक्रेटरींचा गट जिंकला, मी क्रीडाप्रमुख झालो. पहिल्याच मीटिंगला ठराव आला: शुक्रवारी मैदान फक्त फॅमिलींसाठी.

"बायका-मुलं असतात हो," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हीच समजवा त्यांना. तुमचीच माणसं."

विरोध कुणाचा, असं विचारलं गेलं. माझा हात मांडीवरच राहिला. माझी बायको इथं होती, मुलगी इथं होती. मी फॅमिली होतो.

शुक्रवारी सकाळी माळी आधीच हजर. त्यांचा मुकादम आमचा विकेटकीपर. त्याला ठराव सांगितला.

"पण साहेब, अर्जात आमची नावं हायेत न्हवं?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग झालं की! मुदीरला कागद दाखवा. नाव असल्यावर कोण काढतंय आपल्याला?"

मागचे हसले. एकजण पॅड बांधू लागला.

मुकादम माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग वळून त्यानं त्या पॅडवाल्याला सांगितलं, "सोड रे."

तेवढ्यात गाड्या येऊ लागल्या. सेक्रेटरींनी लांबूनच हाक दिली, "यल्ला, क्रीडाप्रमुख! टॉसला या!"

मी गेलो.