बियाण्याच्या खोलीपर्यंतची पावलं

इथले भुताखेतांचे अनुभव मी अधूनमधून वाचते. खरं सांगायचं तर चुका काढायलाच वाचते. गोंदियातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं डेस्कवर आहे. झपाटलेली विहीर, रडणारं झाड… अशा बातम्या तालुक्यांतून येत राहतात. माझा प्रश्न ठरलेला – स्वतः पाहिलं कोणी? बहुतेक बातम्या तिथेच संपतात. या असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण या वेळी त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः आहे. पाहिलं नाही, ऐकलं. जसं घडलं तसं लिहिते.

आमचं गाव देवरी तालुक्यात, चिचगडच्या अलीकडे. घर विटामातीचं, वर टिनाचे पत्रे, खाली सिमेंटचा कोबा. समोर ओसरी, आत मधली खोली. तिथे आईचा पलंग. मधल्या खोलीतून मागे एक अरुंद बोळ जातो. बोळाच्या डाव्या हाताला धानाच्या बियाण्याची खोली आणि टोकाला संडास-बाथरूम.

आईचं नाव सायत्राबाई. सारा जन्म बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून धानाची रोवणी करण्यात गेला. डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऑपरेशन करून कृत्रिम सांधा बसवला. मी रजा काढून गावी आले. घरात दादा, वहिनी, आई आणि मी.

डॉक्टरांनी सूचना स्पष्ट दिल्या होत्या. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुखणं अंगावर काढायचं नाही. गोळी ठरल्या वेळी घ्यायची, तिचा असर सुरू झाला की व्यायाम करायचा, नंतर कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकायचं. दुखणं आटोक्यात असेल तर पाय हलेल, आणि पाय हलला तरच बाई चालेल.

पहिल्याच दिवशी वहिनी गोळी हातावर ठेवायला गेली, तर आई म्हणाली, "मी का लहान पोर आहो? ठेव उशीपाशी. घेईन मी."

गोळ्या उशीपाशी ठेवल्या जात, आणि तिथून संपतही. पण गुण येईना. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा, एवढा साधा व्यायाम. आई दात आवळायची, चेहरा पांढरा पडायचा, आणि पाय इंचभर हलला की "झालं" म्हणायची.

"दुखून राहिलं का, माय?" दादा विचारायचा.

"नाई."

"मंग पाय काऊन नाई हलत?"

"त्याले विचार."

आमच्याकडे दुखतं असं म्हणण्याची पद्धतच नाही. रोवणीत पायात काटा रुतला तरी बाई हातातली ओळ पुरी करते, मग बांधावर येऊन काढते. आई तर त्यातही पक्की. महिना होत आला तरी वॉकर धरून ती फक्त बाथरूमपर्यंत जायची. जाताना-येताना बियाण्याच्या खोलीशी थांबायची, दाराच्या चौकटीला टेकायची. वहिनी मागे उभी असायची. आम्हाला वाटे, दम खाते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलून दिली. तीही लागू पडेना.

मग तपासणीची तारीख आली. दादा आईला जीपमध्ये घेऊन सकाळीच गोंदियाला गेला. वॉकर मी स्वतः मागच्या सीटवर ठेवला. वहिनी गावातल्या बायकांबरोबर तेंदूपत्त्याला जंगलात गेली. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं त्या वेळी कुलूपबंद होती. मी मागे राहिले, कारण अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि माकडं टपून बसली होती.

दुपार चढली. मी ओसरीत काठी घेऊन बसले होते. पूर्ण जागी. मोबाइलवर एक मजकूर तपासत होते.

आतून आवाज आला. टक… मग घसटत पाऊल… मग श्वास.

हा आवाज मला पाठ होता. आईच्या वॉकरच्या एका पायाचं रबरी बूच झिजून गेलं होतं, त्यामुळे तीन पाय मुके टेकायचे आणि चौथा टक करायचा. मागून डावी चप्पल घासत यायची. आणि प्रत्येक पावलागणिक नाकातून ओढलेला श्वास.

पत्रे उन्हात तडतडतात, हे मला माहीत आहे. पण तो आवाज वरून येतो आणि एकाच जागी येतो. हा जमिनीवरून येत होता, आणि पुढे सरकत होता. पलंगापासून बोळाकडे.

मी उठून मधल्या खोलीत गेले. पलंग रिकामा. चादर सकाळी घातली तशीच. आवाज माझ्यापुढे, बोळात. टक… घसट… श्वास. बोळ रिकामा दिसत होता. मागच्या दाराला आतून कडी होती. मी भ्याले का? नाही. अजून भीती पोहोचली नव्हती. मी दादाला फोन लावला.

"आई कुठं आहे?"

"आत, फोटो काढून राहिले तिचा. एक्स-रे."

"आणि वॉकर?"

"हा काय, माझ्या हाताखाली. काऊन? काय झालं?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात आवाज थांबला. बियाण्याच्या खोलीपाशी. जिथे आई रोज थांबायची, अगदी तिथे. क्षणभर काहीच नाही. मग खोलीतून सर्र असा आवाज आला… धानाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की दाणे सरकतात, तसा.

मी अर्धवट लोटलेलं दार ढकललं. आत कोणी नव्हतं. दाराच्या चौकटीला लागून, टेकल्या टेकल्या हात पोचेल असं एक उघडं पोतं होतं, वर कडुनिंबाचा पाला. पाल्याच्या मधोमध खळगा पडला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर दाणे अजून त्यात ओघळत होते. उंदीर असेल म्हणून मी पोतं हलवलं. उंदीर निघाला नाही. मग खळग्यात हात घातला. हाताला गाठ मारलेली प्लास्टिकची थैली लागली.

थैलीत गोळ्या होत्या. आधीच्याही, बदलून दिलेल्याही. सगळ्या पाकिटातल्या पाकिटात, एकही न फोडलेली.

संध्याकाळी जीप आली. दादाचा चेहरा उतरलेला. सांधा उत्तम बसलाय, पण पाय आखडत चाललाय, आणखी काही आठवडे असंच राहिलं तर लंगडणं कायमचं, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला पलंगावर बसवलं. मी थैली तिच्यापुढे ठेवली.

आईने एकदा थैलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पोत्यात हात कायले घातला तू?"

"आधी तू सांग. घेतल्या का नाहीस?"

"आता तं मी पडूनच आहो," आई शांतपणे म्हणाली. "पडून राहणाऱ्याले कायची गोळी? रोवणीत बांधीत उतरीन, तवा कामात येतीन. तवा खरं दुखन."

वहिनी दारातच खाली बसली. हसू आणि रडू एकदम. "वा माय! बियाण्यात पेरून ठेवल्या! रोपांसाठी पऱ्हा टाकला असता तं गोळ्यायचं पीक आलं असतं."

"तू गप राय. तू देऊन राहिली होतीस ना पुन्यांदा पुन्यांदा, म्हणून साचल्या."

दादाने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बाई, आत्ता गोळी घेतली नाही तर पाय हलणार नाही. पाय हलला नाही तर बांधीत उतरणं सोडा, बांधापर्यंतही जाणार नाही. आणि साठवलेल्या गोळ्या मनाने खाऊन शेतात वाकलात, तर सांधा निसटेल. तुम्ही उलट्या बाजूने हिशेब धरलाय."

आईने थैली पुढे सरकवली. मग वहिनीला म्हणाली, "पानी आन."

त्या दिवसापासून गोळी वहिनीच्या हातून, डोळ्यांसमोर. मग व्यायाम, मग बर्फ. चार-सहा दिवसांतच टाच गादीवर सरकू लागली. फरक आम्हाला दिसत होता, तिला तर जाणवतच होता.

ऐकलेल्या आवाजाबद्दल मी आईला लगेच विचारलं नाही. ती वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागली, तेव्हा एका सकाळी सांगितलं. सगळं, क्रमाने. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"लंगडून राहिली होती का ते?"

"हो."

"मंग मीच असन."

"आई, तू गोंदियाला होतीस. एक्स-रेच्या टेबलावर."

"होती ना. तिथं पडल्या पडल्या तेच डोक्शात होतं… थैली वरवर राहिली, वहिनी पाला बदलाले जाईन तं दिसन. आणखी खाली दाबाले पायजे होती." तिने वॉकरवरची पकड बदलली. "दाबाले गेली अन् तुलेच दाखवून बसली, पाह्य."

एवढं बोलून ती कोंबड्यांना हाकलायला लागली. तिच्यासाठी विषय संपला होता.

माझ्यासाठी संपलेला नाही. गोळ्यांची गुंगी मला नव्हती, मी घेतच नव्हते. तीही घेत नव्हती. माझ्या कानांचा भास म्हणाल तर खळगा आणि ओघळणारे दाणे मी डोळ्यांनी पाहिले. तपासण्यासारखं जे होतं ते मी तपासलं. उत्तर मिळालं नाही, आणि उगाच एखादं जुळवून लिहायची मला सवय नाही.

जुलैत रोवणी लागली. आई काठी टेकत बांधापर्यंत आली, उंच खुर्चीवर बसली. चिखलातून एक बाई ओरडली, "सायत्राबाई, उतरा ना! कायले महाराणीवानी बसल्या?"

"डाक्टरानं मना केलं," आई ओरडून म्हणाली. "तुमची ओळ वाकडी होऊन राहिली, तिकडं पाहा."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायका बांधावर आल्या. सगळ्यांच्या देखत आईने डाव्या मांडीवर हात ठेवला आणि मला म्हणाली,

"दुखून राहिलं वो, बाई. गोळीची वेळ झाली का, पाह्य."