ओटीवरचा परदेश

आत्याला शेवटची भेटले तेव्हा ती मुंबईच्या इस्पितळात खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली, तर वळायच्या आधीच तिने विचारलं, "पोरं येतात का गं ओटीवर?" येतात, असं शेजारचे फिलूकाका सांगत होते, मी म्हणाले. "आणि नकाशा? पावसाळ्यात भिंतीवरून काढायला सांग. पोपडे धरतात." मी मान हलवली. मला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मला अशा वेळी शब्द सापडत नाहीत. आत्याला ते ठाऊक होतं म्हणून तिनेच डोळे मिटून घेतले आणि माझी सुटका केली... त्याच आठवड्यात ती गेली. मी आमच्या गावी, गिरीजला, बसमधून उतरले तेव्हा चर्चची घंटा एकेक ठोका देत होती. स्टॉपवरच्या बायकांनी मला बघून डोक्यावर पदर घेतला, आणि मग कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

इझाबेल हे तिचं नाव. पप्पांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहायची. लग्न केलं नाही. शेजारच्या गावातल्या मराठी शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवायची, केळीच्या वाड्यांमधल्या पायवाटेने चालत जायची-यायची. सगळे तिला इझाबाई म्हणत. मला कॉन्व्हेंटच्या इंग्रजी शाळेत घालायचा हट्टही तिचाच, आणि त्यात तिचा थोडा स्वार्थ होता, असं ती हसून कबूल करायची. तिला घरात इंग्रजी वाचणारं कुणीतरी हवं होतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. शाळेत भूगोलाच्या नावाने एक फाटका नकाशा आणि एक पृथ्वीचा गोल होता, तोही दक्षिणेकडून चेपलेला. मग कुठूनतरी आत्याला कळलं, की मुंबईतल्या परदेशी वकिलाती शाळांना चित्रं, नकाशे, जुनी मासिकं फुकट पाठवतात, फक्त पत्र लिहून मागायचं. त्यानंतर आमच्या घरी पत्रं लिहिण्याचा कारखानाच सुरू झाला. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत लिहायचे.

"प्लीज दोनदा घालू या का?"

"एकदा पुरे, आत्या."

"दोनदा घाल. फुकट मागतोय आपण."

आणि खरोखरच येऊ लागलं. गुंडाळलेले नकाशे, बर्फातल्या शाळांचे फोटो, शिक्षकांसाठीच्या पुस्तिका. पोस्टमन फाटकाला सायकल टेकवून ओरडायचा, "इझाबाई, तुमचा मुलूख आला!" संध्याकाळी वाडीतली मुलं ओटीवर जमायची. आत्या एकच चित्र मधे ठेवायची. मी आतल्या दारात उभी राहून त्याखालचा मजकूर वाचून दाखवायचे, हळू आवाजात, आणि ती तो आमच्या घरच्या बोलीत मुलांना सांगायची. माझ्या दोन ओळींची तिच्या तोंडी गोष्ट व्हायची. मुलं अडचणीचं विचारत. तिथली पोरं मार खातात का? बर्फात डबा गार होत नाही का? पुस्तिकेत याचं काही नसायचं. तेव्हा आत्या म्हणायची, "मी गेले की बघून येते."

सुरुवातीला ते बोलण्यापुरतंच होतं. पण अशाच एका पुस्तिकेत इंग्लंडमधल्या एका कॉलेजाची माहिती निघाली. दुसऱ्या देशांतल्या शिक्षकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, राहणं-जेवण-प्रवास त्यांच्याकडून. आत्याने अर्ज केला. मुलाखतीला मुंबईला गेली तेव्हा मला बरोबर नेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून तिच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते. बाहेर आली ती घामाने चिंब. म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुम्हाला तिकडे काय बघायचंय? मी म्हटलं, टॉवर-बिवर काही नको, मागच्या बाकावरच्या पोराशी तिथली बाई कशी बोलते तेवढं बघायचंय." तिची निवड झाली. ईस्टरनंतर निघायचं, तिकीट मागाहून येईल, असं कळलं. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट असावी.

आमच्या वाडीत कुणी दूरदेशी निघालं, की क्रुसापाशी प्रार्थना होते आणि उकडलेले चणे वाटतात. सगळी घरं येतात, जाणाऱ्याच्या हातात काही ना काही देतात. पप्पांनी घाई केली. "राखेचा बुधवार लागला की उपवासाचे चाळीस दिवस काही करता येणार नाही," ते म्हणाले, "आणि ईस्टरला तुझी बांधाबांध. आत्ताच उरकून घेऊ."

"अरे, तिकीट तर हातात येऊ दे."

"तिकीट कुठे पळून जातंय?"

उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी प्रार्थना झाली. आत्या निळी साडी नेसून क्रुसापाशी उभी होती, लाजून मान खाली घातलेली. बायकांनी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी दिली, केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली. लोणच्याच्या बरण्या दिल्या, कुणी लोकरीचे मोजे विणून आणले. मुलांनी विचारायचे प्रश्न पुन्हा एकदा बजावून ठेवले. मग चाळीस दिवसांच्या मधेच कधीतरी पत्र आलं, की पैसे कमी पडल्यामुळे त्या वर्षी जागा निम्म्या केल्या आहेत. क्षमस्व, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. ते मीच वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी आत्या वयाच्या अटीत बसत नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने फक्त विचारलं, "क्षमस्व असंच लिहिलंय ना?" मी म्हणाले, हो. काय करता येईल हे कुणालाच कळेना. पप्पा कुणाकुणाला भेटले, फादरांनी शब्द टाकला, पण कोणावर रागवायचं हेच ठरेना. कुणी वाईट वागलंच नव्हतं...

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन घरोघर सगळं परत द्यायला निघाली. मी बरणी धरून मागे. फिलूकाकांच्या बायकोने दारातच हात मागे घेतले. "क्रुसापाशी दिलेलं परत घेत नाहीत गं बाय. घरात पाप येतं."

"मग मी काय करू याचं?"

"खा. आणि जाडी हो."

शेवटी सुकेळी वर्गात वाटली गेली, मोजे फाटेपर्यंत पप्पांनी घातले. पण वाटेवरची जीभ कोण धरणार? मासळीवाली टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "काय विलायती बाई, पानी लागला का तिथला?" तिच्या मनात काही नव्हतं, चेष्टाच ती. आत्याही हसून बोंबील निवडायची. मला मात्र त्या टोपलीला लाथ मारावीशी वाटायची, आणि मी आत जाऊन पुस्तक उघडून बसायचे. तेव्हापासून आमच्या वाडीने एक रीत बदलली. कुणी ठरवून नाही, पण आता माणसाचं विमान सुटल्याशिवाय क्रुसापाशी प्रार्थना होत नाही. आखातात, जहाजावर कितीतरी मुलं गेली. सगळ्यांचे चणे मुलं निघून गेल्यानंतरच वाटले गेले. आत्या प्रत्येक वेळी यायची, मूठभर चणे घ्यायची, आणि कुणीही तिच्याकडे बघायचं नाही. ते न बघणं मला चेष्टेपेक्षा जड वाटायचं.

मी कॉलेजला गेल्यावर ओटीवरचं वाचन तिने एकटीनेच चालू ठेवलं. कसं, ते मी कधी विचारलं नाही. तिला अर्धे शब्द अडत, हे मला माहीत होतं. मग दुखणं आलं, उशिरा कळलं, आणि पुन्हा एकदा आम्ही सगळे नुसते उभे राहिलो...

आत्याला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा झाली, त्या संध्याकाळी पाहुणे पांगले, आणि ओटीवर पाय वाजले. वाडीतली मुलं. नेहमीच्या जागी बसली, मधे रिकामी जागा ठेवून. मी फळीवरून हाताला लागली ती पुस्तिका घेऊन बाहेर आले. पहिल्यांदाच त्या जागी बसले. एका शाळेच्या आवाराचा फोटो होता, टोप्या घातलेली मुलं खेळत होती, मागे शाळेचं दार उघडं होतं, आणि एक मुलगा कुंपणापाशी एकटा उभा होता. मी खालच्या ओळी वाचल्या, मराठीत सांगितल्या. माझ्या दोन ओळींच्या दोनच ओळी राहिल्या.

"ताई, हा एकटा का उभा आहे?" पुढे बसलेल्या लिलीने विचारलं.

मी मजकूर पुन्हा वाचला. त्यात शाळेचं नाव होतं, मैदानाची लांबी-रुंदी होती. "माहीत नाही," मी म्हणाले. बघून येते, असं म्हणायचीही माझी छाती झाली नाही.

"असू दे," लिली मला समजावल्यासारखं म्हणाली. "बाईंना पण माहीत नसायचं. मग त्या आम्हालाच विचारायच्या."

आणि मुलं सगळी चित्रावर वाकली. त्याच्याशी कट्टी असेल. छे, त्याचे बूट घट्ट असतील. त्याची बाई येतेय बघ, म्हणून थांबलाय... कुठे आहे बाई? फोटोत आली नसेल रे, शाळेतून निघाली असेल. त्यांचे आवाज चढत गेले. मी पुस्तिका दोन्ही हातांनी उघडी धरून बसले होते. त्या फोटोतल्या उघड्या दाराकडे मीही बघत राहिले, अंधारून अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.