लिहून देणार कोण

बाबा गेल्यावर वर्षभरानं ताईचा फोन आला. "घराचा कागद करून टाकू गा. दस्तलेखकाले सांगून ठेवलं मी. तू फक्त सही कराले ये."

मी तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात इस्त्रीवर आहे. सुट्टी मागून निघालो. गाडीत झोप लागली नाही. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला कागदाची भीती असतेच, पण या वेळची त्याहून मोठी होती. हिंगण्याच्या रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांमधला माझा हक्क मी ताईला सोडणार होतो. मग नागपुरात माझं म्हणायला काहीच उरणार नव्हतं.

पण सोडायचा होताच. बाबा सहा वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं ताईनं केलं, तेही मिहानमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनात पोळ्या लाटून आल्यावर. लग्नाचं तिनं नावच काढलं नाही. मी फक्त अग्नी द्यायला आलो, आणि तेही उशिरा.

दस्तलेखकाचा कागद तयार होता. "पाहून घ्या, दादा. भाऊ-बहिणीत बक्षीसपत्र केलं असतं तर बाजारभावावर टक्के लागले असते. हक्कसोडाले पाचशेचा स्टॅम्प. पैसे वाचवले तुमचे." इतक्या लोकांसमोर बोट ठेवून कसं वाचायचं? मी नुसती नजर फिरवली, मान डोलावली.

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नंबराची वाट पाहताना मात्र बोट ठेवून वाचलं. 'लिहून देणार'पुढे ताईचं नाव होतं. 'लिहून घेणार'पुढे माझं. त्या माणसानं कुणाला विचारलंच नव्हतं. बहीण सोडते आणि भाऊ घेतो, असेच कागद त्यानं जन्मभर लिहिले असणार.

कागद मांडीवर पालथा धरून बसलो. दोन नंबर पुकारून झाले तेवढा वेळ. तेवढ्या वेळात घर माझं होतं आणि मला ते हवं होतं.

"ताई, हे उलटं झालं."

"मले माहीत आहे, वाचलं मी. बरोबर आहे ते."

"काहून?"

"सगळ्या बहिणी सोडतात, मीच काय मोठी लागून गेली?" मग आवाज उतरवून म्हणाली, "घर तुह्या नावावर राहिलं तर तू येशील गा. माह्या नावावर केलं अन् तू तिकडचाच होऊन बसला, तर?"

म्हणजे तीही घाबरून राहिली होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अन् उद्या माझी बायको तुले म्हणाली, निघा इथून?"

"तुले बायको कोण देऊन राहिलं?" ती हसली, पण डोळे पुसून.

नावं बदलून मागितली तसा दस्तलेखक भडकला. "दादा, मान डोलावली तेव्हा झोपले होते का? हा स्टॅम्प गेला. लिखाई पुन्हा लागंल. अन् नंबर आता उद्याचा." ते पैसे मी दिले. चूक त्याची, पण मान माझी होती.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या साहेबांनी विचारलं, "आपल्या मर्जीनं सोडता?"

मी हो म्हणालो.

"मोठ्यानं बोला."

ताई टेबलाकडे पाहत होती. पहिला 'हो' कसाबसा निघून गेला होता. दुसरा मला स्वतःला ऐकू येईल असा म्हणावा लागला. मग अंगठा, फोटो, आणि झालं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "दिवाळीले येशील न?"

"बोलावशील तर येईन."

तिनं भर रस्त्यात माझ्या पाठीत धपाटा घातला. मीही हसलो. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, मी ते गमतीनं म्हटलं नव्हतं.