आईच्या फोनला लागलेलं कुंकू

मी भांडखोर नाही, असं मी म्हणते. घरात कुणी मानत नाही. पण त्या दिवशी जळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे भांडले, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

फोन आईचा. आई असोद्याला एकटी राहते, धाकटी बहीण वरणगावला दिली आहे. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मायलेकी हातांनी बोलतात. खुणा त्यांनीच घडवलेल्या, मलाही निम्म्याच कळतात. रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावून दोघी तासभर हातवारे करत बसायच्या. दसऱ्याला मी आईला हा नवा फोन घेऊन दिला आणि संक्रांतीच्या आत त्याची स्क्रीन काळी पडली. रिंग वाजायची, पण चित्र नाही. त्या दोघींना नुसती रिंग काय चाटायची आहे?

काउंटरवरच्या माणसानं सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारली. म्हणाला, "मॅडम, पाणी गेलंय. आतलं पांढरं स्टिकर लाल झालंय. वॉरंटी बाद."

"पाणी? अहो, माझी आई पदराला हात पुसल्याशिवाय फोन उचलत नाही!"

"स्टिकर खोटं बोलत नाही, मॅडम."

म्हणजे आई खोटं बोलते! माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात शेजारी उभी असलेली आई हळूच म्हणाली, "पानी नाही व माय, कुंकू असंन. माह्याच हातानं बिघडला."

दसऱ्याला आमच्याकडे विळ्यापासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्याची पूजा होते. मी सिम घालायला ट्रे काढून ठेवला होता, तोच आई ताट घेऊन आली. फोनला कुंकू लावलं, चार्जरला लावलं, खोक्याला लावलं, आणि ती उघडी फट दिसली तशी तिथंही चिमूटभर. तिच्या लेखी ते फोनचं दार, मग दाराला कुंकू नको?

तो माणूस हसला. "बघा, आजींनीच कबूल केलं."

आई मान खाली घालून उभी राहिली. ते काही मला बघवेना. "हसू नका, भाऊ," मी म्हटलं, "कोरडा कापूस घ्या आणि माझ्यासमोर पुसा. तोवर मी इथून हलत नाही." आणि खरंच खुर्ची ओढून काउंटरसमोर बसले. मागची रांग कुरकुरली. कुरकुरू दे.

मॅनेजर बाहेर आले. सिस्टीममध्ये रिजेक्ट पडलंय, आता काही होणार नाही म्हणाले. मी म्हटलं, सिस्टीमनं फोन पाहिलाय कधी? शेवटी काउंटरवरच्या माणसानं वैतागून पुसलं. कापूस लाल झाला, स्टिकर पांढरं शुभ्र.

तरी गडी नमेना. "कुंकू म्हणजे बाहेरची वस्तूच ना?"

"मग तसं लिहून द्या. चिमूटभर कुंकवानं आमच्या फोनची स्क्रीन जाते. सही-शिक्क्यासकट द्या."

लिहून द्या म्हटलं की भल्याभल्यांची बोटं आखडतात. फोन मुकाट्यानं आत गेला. तासाभरानं कळलं, दोष मुळात स्क्रीनचाच होता. तोवर माझ्या फोनलाही आई शिवली नाही, तिच्या हातानं तोही बिघडेल म्हणे. आठ दिवसांनी नवा फोन मिळाला.

पण आई त्यालाही हात लावेना. "मले नको. तुह्याजवळच ठेव."

"अगं, त्यांनी चूक मानली, आणि तू कशाला अंगावर घेऊन बसलीस?" मी तिच्यावरही ओरडले आणि सरळ बहिणीला कॉल लावला.

बहीण दिसली. डोळे सुजलेले, हात असे भरभर चालत होते की मला धड अर्थ लागेना. मग तिनं तेच पुन्हा, सावकाश केलं. नवरा म्हणतो, फोन बिघडला. मला वाटलं, आई, तू गेलीस आणि सगळे हे माझ्यापासून लपवताहेत.

आईनं फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला, भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात वर केले. बहिणीला ऐकू येत नाही हे विसरून तोंडानंही मोठ्यानं बोलत होती, "जित्ती हाये व मी! दे, शिव्या दे मले. पन दिसत राय."